हुन्नर आणि दाखला

मुलांनो, काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी नुकताच शिक्षक झालो होतो. आमच्या शाळेतून दहावी उत्तीर्ण झालेला एक मुलगा प्रवेशासाठी एका प्रशिक्षण संस्थेत गेला. खिडकीसमोर तासभर रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तो मोठ्या अदबीने म्हणाला, "साहेब, मला दाखला हवा आहे."

आतले कारकून म्हणाले, "दाखला इथे मिळत नाही. तुझ्या शाळेतून घेऊन ये."

मुलगा मागे फिरला आणि सरळ माझ्याकडे आला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "सर, ते म्हणतात दाखला शाळेत मिळतो. पण मी तर शाळा सोडली आहे!"

तुम्हाला हसू आले असेल. मलाही क्षणभर आले. उर्दूत दाखला म्हणजे आत जाणे, प्रवेश. मराठीत दाखला म्हणजे लेखी पुरावा, प्रमाणपत्र. शब्द एकच आहे, पण दोन भाषांत त्याचे अर्थ वेगवेगळे झाले आहेत. मुलगा प्रवेश मागत होता आणि कारकुनांना वाटले, तो शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र मागतो आहे. दोघांपैकी कोणाचीही चूक नव्हती. पण अर्ज स्वीकारण्याचा तो शेवटचा दिवस होता. मी माझा तास दुसऱ्या सरांकडे सोपवला आणि त्याच्याबरोबर गेलो. आम्ही पोहोचलो तेव्हा खिडकी बंद व्हायला दहा मिनिटे उरली होती. अर्ज दिला गेला.

एका शब्दामुळे त्याचे वर्ष वाया गेले असते. म्हणून आज आपण या दोन्ही दाखल्यांविषयी बोलू. आपल्या शहरात हुन्नर शिकण्यासाठी प्रवेश कुठे मिळतो, आणि शिकल्यावर हाती येणाऱ्या प्रमाणपत्राला किंमत का असते, हे पाहू.

आधी माझ्या चाचांविषयी सांगतो. ते लेथवर काम करीत. उर्दूत आपण लेथला खराद म्हणतो. शहागंजजवळच्या एका बोळात त्यांच्या उस्तादांचे छोटे वर्कशॉप होते. चाचा तेरा वर्षांचे असताना तिथे लागले. पहिली दोन वर्षे त्यांना यंत्राला हात लावू दिला नाही. चहा आणायचा, अवजारे पुसून ठेवायची, लोखंडाचा कीस गोळा करायचा, एवढेच काम. तिसऱ्या वर्षी उस्तादांनी त्यांच्या हातात कानस दिली. पुढे ते इतके तरबेज झाले की कोणी यंत्राचा मोडका भाग आणून दिला, की ते तो बोटांनी चाचपत, त्याला कॅलिपर लावत आणि संध्याकाळपर्यंत हुबेहूब तसाच नवा भाग करून देत. लेथवर धातू कापला जाताना जो आवाज येतो, त्यावरून हत्याराची धार गेली की नाही, हे ते डोळे मिटून सांगत.

१९९९ साली मी चौथीत होतो. चाचा एका मोठ्या कारखान्यात नोकरीसाठी गेले. तिथल्या पर्यवेक्षकांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. कागदावर एका दांड्याचे चित्र होते. बाजूला रेघा, बाण आणि आकडे होते.

चाचा म्हणाले, "साहेब, नमुना दाखवा. तसाच करून देतो."

पर्यवेक्षक म्हणाले, "नमुना नाही. हा कागद हाच नमुना."

चाचांना कागद वाचता आला नाही. ते घरी आले, त्यांनी हातपाय धुतले आणि न जेवताच झोपून गेले. त्या कारखान्याला त्यांनी कधी नावे ठेवली नाहीत. मीही ठेवणार नाही. पर्यवेक्षकांना जे हवे होते, ते त्यांच्याजवळ नव्हते. आणि चाचांच्या बोटांत जे होते, ते कागदावर कुठेच लिहिलेले नव्हते.

त्या कागदावर काय असेल? समजा, दांड्याच्या जाडीपुढे २५ ± ०.०२ असे लिहिले आहे. याचा अर्थ असा की दांडा २५ मिलिमीटर जाड हवा, पण २४.९८ पेक्षा कमी नको आणि २५.०२ पेक्षा जास्त नको. एवढ्या फरकापर्यंत चालेल, पुढे नाही. कारखान्यात या मोकळिकीला टॉलरन्स म्हणतात. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे इथली चूक केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहूनही कमी असायला हवी! हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही. त्यासाठी मायक्रोमीटर लागतो. त्याचा स्क्रू एक पूर्ण फेरा फिरला की अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो, आणि फिरणाऱ्या भागावर ५० खुणा असतात. अर्ध्या मिलिमीटरचे ५० भाग केले तर प्रत्येक भाग किती? ०.०१ मिलिमीटर. गणिताच्या तासाला दशांश अपूर्णांक शिकताना तुम्ही विचारता, "सर, हे पुढे कुठे उपयोगी पडते?" इथे पडते.

एवढी काटेकोर मोजमापे कशासाठी? चाचा जो भाग करीत, तो एकाच मोडक्या यंत्रात बसायचा असे. नाही बसला तर पुन्हा घासून बसवता येई. कारखान्यात तसे नसते. दांडा एका वर्कशॉपमध्ये बनतो, तो ज्या छिद्रात बसणार ते दुसऱ्या वर्कशॉपमध्ये बनते. दोन्ही कारागीर एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांच्यामध्ये दुवा असतो तो फक्त त्या कागदाचा.

आपले शहर कारागिरांचे आहे, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. १६१० साली मलिक अंबर यांनी खडकी हे गाव वसवले. हबश देशातून गुलाम म्हणून आणलेला हा माणूस पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्यांनी उत्तरेच्या डोंगरांतून नहर-ए-अंबरीचे पाणी गावात आणले. पाणचक्की तर तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिली असेल. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून येते, उंचावरून पडते, पाते फिरवते आणि त्यावर जाते फिरते. पुढच्या वेळी गेलात तर हौदातले मासे पाहून लगेच परत येऊ नका. जमिनीखालच्या त्या नळांना उतार किती दिला असेल, याचा विचार करा. उतार कमी पडला तर पाणी थांबेल आणि जास्त झाला तर नळ फुटतील. तो उतार ज्यांनी मोजला, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. ते कोणा उस्तादाकडून शिकले, हेही कुठे लिहून ठेवलेले नाही.

उस्ताद आणि शागिर्द यांची ही पद्धत चांगलीच होती. तिच्यात पाहणे होते, सराव होता, धाक होता आणि मायाही होती. पण तिच्यात एक उणीव राहिली. उस्ताद "असे कर" म्हणून सांगत, पण "असे का" हे क्वचितच सांगत. शिवाय शागिर्द मिळाला नाही की विद्या तिथेच संपे. आपल्या शहराचे हिमरू पाहा. सूत आणि रेशीम यांचे हे देखणे कापड कधीकाळी अनेक घरांत विणले जाई. मुलांनी दुसरी वाट धरली, माग बंद पडत गेले आणि आता हातमागावर हिमरू विणणारे थोडेच उरले आहेत. हिमरू विणायला शिकवणारी शाळा वेळीच निघाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फार तोकडी होती. इंटरमिजिएटपर्यंतचे कॉलेज आपल्या शहरात होते. पदवीसाठी मुले हैदराबादला जात. ज्यांना जमत नसे, ती राहत. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केले. तेच मिलिंद महाविद्यालय. ज्यांना शिक्षणाच्या दारातही उभे राहू दिले जात नव्हते, अशा घरांतली मुले तिथे शिकली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ पासून त्याच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या प्रयत्नांनी मौलाना आझाद महाविद्यालय सुरू झाले. तेरा वर्षांत हैदराबादची वाट जवळ आली, असे म्हटले तरी चालेल. या संस्थांच्या आजच्या पाट्यांवर आणि जुन्या कागदांवर शहराचे नाव वेगवेगळे दिसेल. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे, त्याआधी औरंगाबाद होते. जुनी कागदपत्रे जोडताना गोंधळू नका.

कॉलेजे आली, पण कारखाने? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याने रेल्वे स्टेशनजवळ, चिकलठाण्याला आणि पुढे वाळूजला जागा तयार केल्या. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि शहराचे रूपच पालटले. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडण्याचे काम सुरू झाले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आजच्या पाठाचा गाभा तिथेच आहे. दुचाकीचे भाग शेकड्यांनी असतात. मोठा कारखाना ते सगळे स्वतः बनवीत नाही. ब्रेकचा भाग एकाकडून येतो, गिअरचे चाक दुसऱ्याकडून, रबराची चकती तिसऱ्याकडून. म्हणून एका मोठ्या कारखान्याभोवती लहान कारखान्यांची वस्ती उभी राहते. लहान कारखान्यात पत्र्याचा भाग कसा बनतो? पोलादाचा एक साचा असतो. त्याला डाय म्हणतात. पत्रा त्यात ठेवून प्रेसने दाबला की भाग तयार होतो. एका साच्यातून हजारो, कधी लाखो भाग निघतात. साचा अचूक असेल तर सगळे भाग अचूक. साच्यात थोडीशी चूक असेल तर तीच चूक प्रत्येक भागात येते, आणि ढीगच्या ढीग भंगारात जातो.

म्हणजे सगळा डोलारा साचा बनवणाऱ्या कारागिरावर उभा आहे! आणि नेमका तोच कारागीर मिळणे सर्वांत कठीण असते. लहान कारखानदाराजवळ मोठी यंत्रे घ्यायला पैसे नसतात. साचा मुंबईहून किंवा पुण्याहून करून आणावा तर वेळ जातो आणि खर्च वाढतो. ही अडचण दूर करण्यासाठी भारत आणि जर्मनी या दोन देशांच्या सहकार्याने आपल्या शहरात इंडो-जर्मन टूल रूम ही संस्था उभी राहिली. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ती आहे आणि केंद्र शासनाच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत ती चालते. ती दोन कामे करते. लहान कारखान्यांना साचे आणि अवजारे बनवून देते, आणि साचे बनवणारे कारागीर घडवते. दोन्ही कामे एकाच छपराखाली चालतात, हे तिचे वैशिष्ट्य आहे. तिथला विद्यार्थी केवळ सरावासाठी लोखंड कापत नाही. त्याच्या हातून गेलेला साचा खऱ्या ग्राहकाकडे जातो. दहावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन तिथे साचे व अवजारे बनवण्याच्या पदविकेला जाता येते. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. चार वर्षे म्हटले की पालक कचरतात. पण माझ्या चाचांची वीस वर्षे आठवा.

ही पद्धत जर्मनीत फार जुनी आहे. तिथला शिकाऊ मुलगा आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत असतो. हात कारखान्यात घडतो, "असे का" हे शाळेत कळते. साधारण तीन-साडेतीन वर्षांनी परीक्षा होते आणि ती उत्तीर्ण झालेल्याला समाजात मान असतो. आपल्याकडे मात्र "आयटीआयला गेला" हे वाक्य अजूनही "अभ्यासात कच्चा होता" अशा सुरात म्हटले जाते. मला हा सूर मुळीच आवडत नाही.

आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. देशात ही योजना १९५० मध्ये सुरू झाली. वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना तिथे जाता येते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एक वर्षाचा. ज्याला चाचांसारखे लेथवर काम करायचे आहे, त्याने टर्नर निवडावे. तिथे पहिल्यांदा कानस चालवायला शिकवतात, उस्तादांसारखेच. पण दुसऱ्या तासाला तोच मुलगा फळ्यासमोर बसून आराखडा वाचायला शिकतो. राज्य शासनाने काही संस्थांमध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या पाळीचे वर्गही काढले.

आयटीआयनंतर वाट संपत नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना गुणवत्तेनुसार तंत्रनिकेतनाच्या, म्हणजे पॉलिटेक्निकच्या, दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. तिथली पदविका मिळाली की अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे कानस हातात घेऊन निघालेला मुलगा अभियंता होऊ शकतो. वेळ थोडा जास्त लागतो, पण अशा अभियंत्याला यंत्राजवळच्या माणसाचे बोलणे कळते. विद्यापीठातही दीनदयाळ उपाध्याय कौशल्य केंद्रात ऑटोमोबाईल आणि औद्योगिक स्वयंचलन या विषयांचे व्यवसाय शिक्षण सुरू झाले. प्लास्टिकचे साचे शिकायचे असतील तर शहरात सिपेटचे केंद्र आहे.

सगळे गोड आहे, असे मी सांगणार नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे आयटीआय झालेल्यांना कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून काम मिळते आणि विद्यावेतनही मिळते. २०१६ च्या योजनेत तर ठरलेल्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, शासनाने भरायचे ठरले. पण वर्ष संपले की नोकरी मिळेलच, असे नसते. माझे काही विद्यार्थी एकेका कारखान्यात वर्षभर राहिले आणि पुन्हा घरी बसले. काहींना कंत्राटी काम मिळाले. काही संस्थांमधली यंत्रे जुनी असतात. मुलगा जुन्या लेथवर शिकतो आणि कारखान्यात गेल्यावर त्याला संगणकावर चालणारी सीएनसी मशीन दिसते. म्हणून प्रवेश घेण्याआधी तिथे जा. वर्कशॉप पाहा. कोणती यंत्रे चालू आहेत, हे विचारा. आधीच्या वर्षीची मुले आज कुठे आहेत, हेही विचारा. विचारायला लाजू नका. तुमचीच दोन वर्षे जाणार आहेत.

असे असूनही जवळ शिकणे मला मोलाचे का वाटते, ते सांगतो. बाहेरून आणलेला कारागीर चांगली संधी मिळताच निघून जातो. कारखानदार पुन्हा माणूस शोधू लागतो. इथला मुलगा संध्याकाळी आपल्या घरी परततो, आईवडिलांचे औषधपाणी पाहतो, त्यामुळे तो टिकतो. कारखानदारालाही तेच हवे असते. दुसरीकडे आपली कितीतरी मुले पुण्याला एका खोलीत सहा-सात जण राहतात किंवा आखाती देशांत जातात. जायला हरकत नाही. पण तिथेही पहिला प्रश्न असतो: कागद आहे का? कागद नसलेला वेल्डर तिथे हेल्पर म्हणून लागतो आणि काम मात्र वेल्डरचे करतो.

मुलींनो, वरची सगळी वाक्ये मुलांसाठी आहेत, असे समजू नका. शासकीय संस्थांमध्ये तुमच्यासाठी जागा राखून ठेवलेल्या असतात आणि त्यांतल्या काही दरवर्षी रिकाम्या राहतात, याचे मला वाईट वाटते. सूक्ष्म मोजमाप, इलेक्ट्रॉनिक्सची जुळणी, संगणकावर आराखडे काढणे या कामांत नजर आणि धीर लागतो. ज्या घरात मुलीला दूर पाठवायला तयार नाहीत, तिथे जवळच्या संस्थेचा सर्वांत जास्त उपयोग होतो. नवखंडा हा मलिक अंबरच्या काळातला महाल. त्याच परिसरात आज डॉ. रफिक झकेरिया यांच्या नावाचे महिला महाविद्यालय भरते. आणि हुन्नर म्हणजे केवळ लोखंड नव्हे. वेरूळ आणि अजिंठा १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. जगभरचे पाहुणे येतात. त्यांची व्यवस्था ठेवणारी माणसे रौजाबागेतल्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेत शिकतात.

आता पुन्हा भाषेकडे येऊ. "सर, आमचे मराठी कच्चे आहे, आम्हाला तिथले शिकवणे कळेल का?" हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. संस्थेतले निदेशक बहुधा मराठीत बोलतात, पुस्तकात इंग्रजी शब्द येतात. पण घाबरू नका. कारखाना, कारागीर, अवजार, उस्ताद, हुन्नर, नमुना, दुरुस्ती, मजूर, रोजगार, हजर, तारीख हे शब्द तुम्ही घरी ऐकता आणि मराठी माणूसही रोज वापरतो. सुताराचा रंधा म्हणजे तुमचा रंदाच. शिकाऊ उमेदवारातला उमेदवारही तुमच्याच उमेदीतून आला आहे. निम्मे मराठी तर तुम्हाला आधीच येते!

सांभाळायचे ते सारखे दिसणाऱ्या शब्दांना. दाखल्याची गोष्ट तुम्ही ऐकलीच. उर्दूत लोखंड घासायच्या अवजाराला रेती म्हणतात, मराठीत त्याला कानस म्हणतात. मराठीत रेती म्हणजे वाळू. निदेशकांनी कानस मागितली आणि तुम्ही पाहत राहिलात तर अवजार समोर असून उपयोग नाही. रजा म्हणजे मराठीत सुट्टी. "रजेचा अर्ज" लिहिताना तुम्ही कोणाची मर्जी मागत नाही. आणि सर्वांत धोक्याचा शब्द राजीनामा. उर्दूत राजीनामा म्हणजे दोघांचे पटल्याचा, तडजोडीचा कागद. मराठीत राजीनामा म्हणजे इस्तिफा, नोकरी सोडत असल्याचे पत्र. कोणी राजीनाम्यावर सही करायला सांगितली तर आधी नीट वाचा.

शेंद्रा आणि बिडकीन इथे आता ऑरिक नावाची सुमारे १०,००० एकरांची नवी औद्योगिक नगरी आकार घेत आहे. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनजवळ कारखाना उभारण्याबाबत राज्य शासनाशी करार केला. कारखाने उभे राहायला काही वर्षे लागतात. तुमचे प्रशिक्षण पूर्ण व्हायलाही साधारण तेवढीच.

चाचांसारख्या अनुभवी कारागिरांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ठेवण्यात आली. चाचांच्या उमेदीच्या काळात ती नव्हती. ते त्याच बोळातल्या वर्कशॉपमध्ये राहिले. मात्र त्यांनी आपल्या मुलाला आयटीआयमध्ये टर्नरच्या वर्गात घातले.

मला एक संध्याकाळ आठवते. मगरिबनंतर आम्ही त्यांच्या अंगणात बसलो होतो. माझ्या चुलतभावाने तख्तावर एक आराखडा पसरला होता आणि चाचा चष्मा लावून त्यावर वाकले होते. भाऊ एकेक रेघ समजावून सांगत होता. मध्येच चाचा म्हणाले, "हे माप एवढ्या वेगाने कापलंस तर दांडा तापेल. तापला की फुगेल. थंड होऊ दे, मग मोज." भावाने ते वहीत लिहून घेतले. मग चाचांनी अधिक-उण्याच्या खुणेवर बोट ठेवले आणि विचारले, "याला काय म्हणतात?"

"टॉलरन्स."

"म्हणजे?"

भाऊ थोडा अडखळला. मग म्हणाला, "बर्दाश्त, अब्बा. दांडा किती चूक बर्दाश्त करतो, ते."

चाचांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "एवढीशी?" ते म्हणाले. "बरं, पुढचं वाच."

स्वाध्याय

१. खिडकीवरचे कारकून आणि मुलगा यांच्यात गैरसमज का झाला, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. चाचांना काय येत होते आणि काय येत नव्हते?

३. एका दांड्याचे माप ४० ± ०.०५ मिलिमीटर आहे. दांडा जास्तीत जास्त आणि कमीत कमी किती जाड चालेल?

४. साच्यातली लहान चूक मोठे नुकसान कसे करते?

५. दाखला, रजा, रेती आणि राजीनामा हे शब्द मराठी अर्थाने वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा.

६. तुमच्या घराजवळच्या एखाद्या कारागिराला भेटा. त्यांच्या पाच अवजारांची नावे उर्दूत आणि मराठीत लिहून आणा. ते काम कोणाकडून शिकले, हेही विचारा.